पहिल्या घासाचे औषध: हिंगाष्टक चूर्णाचा इतिहास

सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि तुपात भाजलेला हिंग या आठ जिनसांच्या वस्त्रगाळ चूर्णाला हिंगाष्टक म्हणतात. पोट फुगणे, ढेकर अडणे, भूक मरणे, जेवणानंतर अंग जड होणे अशा तक्रारींवर ते दिले जाते. महाराष्ट्रात वैद्याची पायरीही न चढणाऱ्या घरांत त्याची बाटली सापडते. या चूर्णाची यादी सुमारे तेराशे वर्षांत फारशी हललेली नाही. बदलले ते बाकी सगळे: यादीतल्या नावाखाली काय घालायचे, ते कुठून आणायचे, किती घ्यायचे आणि जेवणाच्या कोणत्या टप्प्यावर घ्यायचे.

आयुर्वेदात पचनाचा सगळा विचार अग्नीभोवती फिरतो. जाठराग्नी चार प्रकारचा मानला आहे. तिन्ही दोष समतोल असताना तो सम असतो, वाताने विषम होतो, पित्ताने तीक्ष्ण आणि कफाने मंद. विषम अग्नीचा माणूस एक दिवस दगड पचवील आणि दुसऱ्या दिवशी वरणभातानेही त्याचे पोट तडतडेल. हिंगाष्टकाचा रोख मुख्यतः या विषम आणि मंद अग्नीवर आहे. ज्याचा अग्नी आधीच तीक्ष्ण आहे, ज्याला आंबट ढेकर आणि छातीत जळजळ आहे, त्याच्यासाठी हे चूर्ण नाही. ‘पोटाचे औषध’ म्हणून ते सरसकट देण्याची पद्धत नंतरची आहे, आणि शास्त्राच्या हिशेबाने चुकीची.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी द्रव्यांचे दहा-दहाचे पन्नास गट दिले आहेत. त्यांतला एक गट दीपनीय, म्हणजे अग्नी पेटवणाऱ्या द्रव्यांचा: पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक, आले, अम्लवेतस, मिरी, अजमोदा, बिब्ब्याची बी आणि हिंग. हिंगाष्टकातल्या आठांपैकी पाच जिनसा येथेच आहेत. मात्र आठांचा पाठ चरकात नाही. तेथे गुल्माच्या चिकित्सेत, म्हणजे पोटात वायूचा गोळा उठण्यावरच्या उपचारांत, हिंग्वादी नावाचे एक लांबलचक चूर्ण येते. त्यात हिंग आणि त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी) यांबरोबर पाठा, हिरडा, अजमोदा, डाळिंब, धणे, जिरे, चित्रक, वेखंड, क्षार आणि लवणे धरून वीसहून अधिक द्रव्ये आहेत. ते जेवणाआधी कोमट पाण्याबरोबर किंवा मद्याबरोबर घ्यावे, अन्नपानात मिसळावे किंवा महाळुंगाच्या रसाच्या भावना देऊन, म्हणजे रसात खलून, गोळ्या कराव्यात असे सांगितले आहे. इतकी सामग्री जमवायची तर वैद्याचा साठाच हवा.

वाग्भटाने हे ओझे उतरवले. त्याच्या अष्टांगहृदय या ग्रंथाचा काळ सामान्यतः इसवी सनाचे सातवे शतक मानतात. या ग्रंथाच्या चिकित्सास्थानात चौदाव्या अध्यायात, पुन्हा गुल्माच्याच प्रकरणात, हिंगाष्टकाचा पाठ मालिनी वृत्तातल्या एका श्लोकात येतो. त्या चार चरणांत आठ द्रव्ये, त्यांचे प्रमाण, घेण्याची वेळ, अनुपान आणि फळ एवढे सगळे बसवले आहे. वैद्यकाचे विद्यार्थी ग्रंथ तोंडपाठ करीत त्या काळात ही सोय साधी नव्हती. चक्रदत्त, भावप्रकाश, योगरत्नाकर, भैषज्यरत्नावली अशा नंतरच्या संग्रहांत हा पाठ शतकानुशतके ओळखू येईल असाच राहिला, त्याचे मोठे श्रेय या छंदोबद्ध बांधणीला द्यावे लागते. गद्यातली यादी नकलताना एखादी जिन्नस गळते किंवा वाढते. वृत्तात अक्षर हलले की कानाला कळते.

तरीही एका जागी श्लोकाने वाद ठेवलाच. त्यातला हिंगाचा आठवा भाग दोन तऱ्हांनी लावता येतो. एका मताने आठही द्रव्ये समभाग घ्यायची आणि हिंग हा त्यांतला आठवा. दुसऱ्या मताने बाकीची सात समभाग आणि हिंग त्यांच्या मानाने अष्टमांश. पहिल्या रीतीचे चूर्ण इतके उग्र होते की जिभेवर ठेवताच माणूस तोंड वाकडे करतो. भारत सरकारच्या आयुर्वेदिक योगसंग्रहाने समभागाची रीत धरली, पण हात राखून हिंग घालणारे वैद्य आजही आहेत, आणि कोणत्या प्रतीचा हिंग घेतला आहे हे पाहता त्यांना दोष देता येत नाही.

हिंग हा या आठांतला खरा परका. फेरुला जातीच्या झुडपाच्या मुळाला छेद देऊन जो चीक पाझरतो, तो सुकवला की हिंग होतो. ही झुडपे इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियातल्या कोरड्या, थंड डोंगराळ भागांतली. संस्कृतात हिंगाला बाह्लीक असेही नाव आहे. बाह्लीक म्हणजे बल्खचा प्रदेश, तेव्हा माल कुठून येतो हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते. सातव्या शतकातला चिनी प्रवासी युआन श्वांग यानेही गझनीकडच्या प्रदेशाचे वर्णन करताना तेथल्या हिंगाची नोंद केली आहे. म्हणजे वाग्भट ज्या सुमारास श्लोक रचत होता, त्याच सुमारास हिंदुकुशापलीकडून हा माल खिंडी उतरून येत होता. सैंधवाचे नावच सिंधू प्रदेशाचे आहे. त्याची मोठी खाण आज पाकिस्तानातल्या पंजाबात खेवडा येथे आहे. वाग्भट स्वतः सिंधू देशातला होता असे अष्टांगसंग्रहात म्हटले आहे, त्यामुळे त्याच्या दृष्टीने सैंधव घरचे मीठ होते. मुंबई-पुण्याच्या वैद्याला ते लांबून आलेले. फाळणीनंतर तर ते परदेशी झाले. २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयातशुल्क बसले आणि २०२५ मध्ये आयातच बंद झाली, तेव्हा काष्ठौषधींच्या दुकानदारांनाही त्या राजकारणाची झळ लागली.

पिंपळीची कहाणी उलट दिशेची. ती येथली असून तिने बाहेर नाव काढले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून निर्यात होणाऱ्या मालात पिंपळी आहे. त्याच शतकातल्या प्लिनीने रोममधला भाव दिला आहे: एका रोमन रत्तलास पिंपळी १५ दिनार, पांढरी मिरी ७ आणि काळी मिरी ४. पिंपळी काळ्या मिरीच्या जवळजवळ चौपट महाग होती. भारतातही तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले यांवरच भिस्त होती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतली मिरची आली आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत तिने स्वयंपाकातली ही जागा बळकावली. मिरी मागे सरली तरी मसाल्याच्या डब्यात टिकली. पिंपळी मात्र स्वयंपाकघरातून जवळपास नाहीशी झाली आणि औषधापुरती उरली. आज मराठी घरात पिंपळी असलीच तर ती चूर्णात किंवा चाटणात असते. विदर्भात सातपुड्याच्या पायथ्याशी अंजनगाव सुर्जी, अकोट या भागांत मात्र पानमळ्यांच्या जोडीने पानपिंपरीची, म्हणजे पिंपळीची, लागवड होते. बारी समाजाने हे कष्टाचे पीक धरून ठेवले आहे, आणि त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः औषधांचा बाजार आहे.

उरलेल्या जिनसांत सुंठ, मिरी आणि जिरे यांबद्दल कधी शंका नव्हती. गोंधळ आहे तो अजमोदा आणि दुसरे जिरे यांचा. अजमोदा आणि ओवा ही वेगळी द्रव्ये असली तरी घरी चूर्ण करणारे, आणि पुष्कळ वैद्यही, ओवाच घालतात. दुसरे जिरे म्हणजे काळे जिरे. महाराष्ट्रात त्यासाठी शहाजिरे वापरतात, इतरत्र कुठे कुठे कलौंजी. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने भावप्रकाशात एखादे द्रव्य न मिळाल्यास कोणते घ्यावे याची यादीच दिली आहे. जंगलातला माल वेळेवर मिळत नाही ही अडचण तेव्हाही होती, आणि शास्त्राने तिला मान्यता दिली होती.

हिंगाविषयी महाराष्ट्र-गोव्यातली एक जुनी आणि मोलाची साक्ष पोर्तुगीज भाषेत आहे. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये भारतात आला. गोव्यात त्याचे बिऱ्हाड होते आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही तो वैद्य होता. औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात हिंगावर एक प्रकरण आहे. भारतभर अन्नात आणि औषधात हिंगाइतके दुसरे काही वापरले जात नाही असे तो सांगतो. त्याला स्वतःला हिंगाचा वास सहन होत नव्हता, पण हिंग घातलेल्या भाज्या खाताना तो वास जाणवला नाही अशी कबुलीही देतो. विजयनगरात एका पोर्तुगीजाचा उमदा घोडा पोटातल्या वाऱ्यामुळे विकला जात नव्हता आणि हिंग चारल्यावर तो बरा झाला, ही गोष्टही त्यातलीच. या साक्षीचे महत्त्व असे की ती ग्रंथ नकलणाऱ्याची नाही, बाजारात आणि दरबारात वावरलेल्या माणसाची आहे. सोळाव्या शतकात दख्खनमध्ये हिंग हे वैद्याचे द्रव्य न राहता रोजच्या फोडणीतले झाले होते, हे त्यावरून दिसते.

चूर्ण करण्याची रीत शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात, नियमबद्ध झाली. कोरडे द्रव्य चांगले कुटून कापडातून गाळावे, चूर्णात गूळ घालायचा तर समभाग आणि साखर घालायची तर दुप्पट घालावी, हिंग भाजूनच घालावा, नाही तर मळमळ होते, असे त्याचे नियम आहेत. कच्चा हिंग चिकट असल्यामुळे खलात कुटलाही जात नाही. तुपात तो फुलतो, ठिसूळ होतो आणि त्याचा उग्रपणा उतरतो. शार्ङ्गधराचा आणखी एक नियम आज कोणी पाळत नाही: चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांत कमी होते. यामुळेच पूर्वी चूर्ण लागेल तेवढेच कुटत. दीपन आणि पाचन यांतला फरकही त्याने स्पष्ट केला. बडीशेप अग्नी वाढवते पण आम, म्हणजे न पचलेला अंश, पचवत नाही. नागकेसर आम पचवते पण अग्नी वाढवत नाही. चित्रक दोन्ही करतो. पुढच्या काळातली पाचक चूर्णे या कसोटीवर बेतलेली दिसतात.

मात्रा मात्र खूप घटली आहे. शार्ङ्गधराने चूर्णाची सर्वसाधारण मात्रा एक कर्ष सांगितली. आजच्या सरकारी मापाने कर्ष म्हणजे १२ ग्रॅम. सध्या वैद्य हिंगाष्टक साधारण १ ते ३ ग्रॅम देतात. चरकाने तीन गोष्टींचा अतिरेक टाळायला बजावले होते, त्या पिंपळी, क्षार आणि मीठ. त्यांतल्या दोन हिंगाष्टकात आहेत. शिवाय श्लोकाप्रमाणे हे चूर्ण एकटे घ्यायचे नाही. जेवणाच्या पहिल्याच घासात तुपाबरोबर कालवून घ्यायचे. वाग्भटाने औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत. हिंगाष्टकाला त्यांतला अन्नाशी सर्वांत जवळचा काळ मिळाला. कारण उघड आहे. तिखट, कोरडी, उष्ण द्रव्ये रिकाम्या पोटात नुसती गेली तर जाळतात आणि वात वाढवतात. तूप तो रूक्षपणा मोडते आणि भात त्याला आधार देतो. हिंगाष्टकाची खरी करामत आठ जिनसांइतकीच या पहिल्या घासात आहे.

हिंगाष्टकाच्या भावंडांत लवणभास्कर सर्वांत प्रसिद्ध. त्यात समुद्री मीठ, संचळ, बिडलवण आणि सैंधव अशी लवणे प्रधान, जोडीला धणे, पिंपळी, तमालपत्र, नागकेसर, डाळिंब, दालचिनी, वेलची. ते ताकाबरोबर घेतात आणि चवीला हिंगाष्टकापेक्षा खूपच सुसह्य असते. आम्लपित्ताला मात्र वेगळे औषध लागले. चरकात या रोगाला स्वतंत्र अध्याय नाही. काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात तो वेगळा मांडला गेला, आणि त्यावरचे अविपत्तिकर चूर्ण प्रचारात आले. त्यात त्रिकटू आहे, पण भरपूर निशोत्तर आणि साखर घालून सगळा रोख पित्त खाली काढण्याकडे वळवला आहे.

मराठी मुलखात वैद्यक आणि स्वयंपाक यांच्यातली भिंत कधी जाड नव्हती. सतराव्या शतकातल्या रघुनाथ नवहस्ते यांनी तंजावरच्या एकोजी भोसल्यांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाने लेखन केले. त्यांच्या भोजनकुतूहल या संस्कृत ग्रंथात खाद्यपदार्थांचे गुणदोष आयुर्वेदाच्या भाषेत सांगितले आहेत. घरातल्या रूढीही त्याच अंगाच्या. बाळंतिणीला ओवा, बाळंतशोपा, सुंठ आणि पिंपळमूळ देतात, रामनवमीला सुंठवडा वाटतात, पावटा किंवा वाल शिजवताना हिंग चुकवत नाहीत. अशा घरात हिंगाष्टक शिरायला अडचण पडली नाही, कारण पिंपळी सोडली तर त्यातले सगळे फडताळात होते. घरगुती रीतीत तूप मागे पडून ताक आले. जेवणाअखेरच्या ताकात चिमूटभर चूर्ण टाकायची ही पद्धत शास्त्राशी वैर धरत नाही, पण श्लोकातली ती नव्हे.

एकोणिसाव्या शतकात छापखान्याने पाठ सर्वांच्या हाती दिला. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादिलेले अष्टांगहृदय १८८० मध्ये मुंबईत छापले गेले. योगरत्नाकर पुण्याच्या आनंदाश्रमाने काढला. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ मराठी घरांतून वाचला जाऊ लागला. याच पदेशास्त्रींनी १९०७ मध्ये नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात केली. दुसरीकडे कारखाने उभे राहत होते. पनवेलचे धूतपापेश्वर १८७२ चे, मुंबईचे सांडू बंधू १८९९ चे. वैद्याने रोग्यासमोर पुडी बांधून देण्याऐवजी डब्यातले चूर्ण दुकानात मिळू लागले. रोगी, अग्नी आणि ऋतू पाहून मात्रा ठरवणारा माणूस व्यवहारातून बाजूला झाला. डब्यावरच्या चिठ्ठीत ‘दिवसातून दोन वेळा’ एवढेच उरले. हा बदल यादीतल्या कोणत्याही अदलाबदलीपेक्षा मोठा होता.

हिंगाचा व्यापारही याच काळात बदलला. मुंबईतली लालजी गोधू ही पेढी १८९४ ची. उत्तर प्रदेशातले हाथरस हे हिंग बांधण्याचे मोठे केंद्र झाले. शुद्ध हिंग इतका तीव्र असतो की घरात वापरणे कठीण, म्हणून त्यात डिंक आणि पीठ घालून बांधानी हिंग करतात. फोडणीला तो चालतो. पण चूर्णासाठी तोच वापरला तर आठव्या भागातला बराचसा भाग कणकेचा असतो. जाणते वैद्य म्हणून उत्तम प्रतीचा हिरा हिंग मागतात आणि हलक्या प्रतीचा हिंगडा नाकारतात.

औषधी द्रव्य व सौंदर्यप्रसाधने अधिनियमात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधांचे स्वतंत्र प्रकरण घातले. मान्य ग्रंथांच्या यादीतल्या पाठाप्रमाणे केलेले औषध शास्त्रोक्त ठरले. १९७८ मध्ये योगसंग्रहाचा पहिला भाग आला आणि त्यात हिंगाष्टकाचे प्रमाण व मात्रा ठरून गेली. हिंगाची आयात मात्र कायम राहिली. २०२० च्या आकडेवारीप्रमाणे देश वर्षाला सुमारे १,२०० टन कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून आणत होता आणि त्यावर सुमारे १० कोटी डॉलर खर्च होत होते. त्या वर्षी ऑक्टोबरात पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात क्वारिंग या गावी हिंगाचे पहिले रोप लावले. या झाडाला चीक द्यायला साधारण पाच वर्षे लागतात.

त्रिकटूची रासायनिक बाजू त्याआधीच उघड होऊ लागली होती. मिरी आणि पिंपळीतला तिखटपणा ज्यामुळे येतो ते पायपेरीन डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड याने १८१९ मध्ये वेगळे केले. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस असा विचार मांडला की त्रिकटू इतक्या पाठांत येतो तो नुसत्या पचनासाठी नाही, इतर औषधे शरीरात अधिक शोषली जावीत म्हणूनही येत असावा. घरगुती आयुर्वेदिक औषधांच्या एका संग्रहातल्या ३७० पाठांपैकी २१० मध्ये त्रिकटू किंवा त्यातले एखादे द्रव्य आढळले. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम करक्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपेरीन दिले, तेव्हा माणसांत करक्युमिनची उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढलेली दिसली. पुढे क्षयावरच्या रिफाम्पिसिनची मात्रा पायपेरीनच्या जोडीने कमी करणारे औषधही भारतात बाजारात आले. याच गुणाची दुसरी बाजूही आहे: पायपेरीनमुळे प्रोप्रॅनोलॉल आणि थिओफिलिन यांची रक्तातली पातळी वाढते असे प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे हृदयविकारावर किंवा दम्यावर रोजची औषधे चालू असलेल्यांनी, आणि त्यातल्या मिठामुळे रक्तदाब असलेल्यांनीही, हिंगाष्टक रोज घेण्याआधी डॉक्टरांना आणि वैद्यांना दोघांनाही विचारावे असे आता सांगितले जाते.